हिरवोजी आणि आमची घोटावड्याची साइट

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. साइटवर स्टोअरच्या मागे जसा ढीग साठतो ना, सळईचे तुकडे, फुटकी घमेली, कशाचा तरी एखादा नट, तसंच हे. कुणी आणून टाकलं ते आठवत नाही आणि फेकून द्यायला कुणाचा हात होत नाही! आमची जुनी मंडळी आजही कुणाच्या लग्नात भेटली की नवरा-नवरी राहतात बाजूला. कुणीतरी खुर्ची ओढतं आणि म्हणतं, "रझियाताई, ते हिरवोजीचं सांगा की ह्यांना." मग पंगती उठतात, मांडव रिकामा होतो, आमचं चालूच!

तर मी रझिया तांबोळी. आमचं पौडच्या बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाच्या या गोष्टी. घोटावड्याजवळ, भाताच्या खाचरांना लागून, पत्र्याचे पार्ट दाबून काढायचा एक कारखाना उभा राहत होता. हिंजवडी म्हणजे तेव्हा नुसतं गाव. तिकडून आला तर एखादा पाहुणा यायचा, नाहीतर उसाची गाडी. मी टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या, वर पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. त्या कोर्सच्या जोरावर मला तिथे नोकरी लागली.

प्रोजेक्ट मॅनेजर होते दीक्षित साहेब. पन्नाशीचे, उंच, कमी बोलणारे. विनोद वगैरे त्यांनी आयुष्यात केला नसावा. त्यांचा आधीचा प्रोजेक्ट लांबला होता, म्हणून मालकांनी सरळ सांगितलेलं, पावसाळा लागायच्या आत शेडवर पत्रा चढला पाहिजे आणि प्रेस मशीन आत आलं पाहिजे, नाहीतर दुसरीकडे बघा. हे आम्हाला साहेबांनीच पहिल्या दिवशी सांगितलं. म्हणाले, "माझी नोकरी तुमच्या हातात आहे. सांभाळून धरा."

आणखी दोघांची ओळख करून देते. एक सुरेश केंजळे, पुण्याचा, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला इंजिनियर. दुसरे बबनराव, घोटावड्याचे शेतकरी. कारखान्याला जमीन त्यांनीच विकलेली आणि मग त्याच जमिनीवर बांधकामाचं कंत्राट घेतलेलं. "आदी रान इकलं, आता त्येच्यातच भिंती पेरतुया," असं स्वतःच सांगायचे!

*

कॉम्प्युटर जीपमधून गोधडीत गुंडाळून आला. त्याला धूळ चालत नाही, उकाडा चालत नाही, असं आणणाऱ्याने बजावलं. साइटवर गिलावा झालेली खोली एकच होती, साहेबांच्या केबिनची. साहेबांनी एक मिनिट विचार केला आणि ती खोली कॉम्प्युटरला दिली. तिला एसी बसवला. ज्याला एसी, त्याच्याजवळ मी! साहेबांनी स्वतःचं टेबल बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटच्या गोण्यांशेजारी मांडलं.

एक दिवस वीज कनेक्शनच्या कामासाठी कुणी अधिकारी आले. शेडमध्ये एक धुळीने माखलेला माणूस कागद चाळत बसलेला. त्याच्याकडे न बघता हे थेट आत. एसीची गार हवा लागली, समोर खुर्चीत मी. त्यांनी चटकन बूट काढले आणि म्हणाले, "मॅडम, जरा पाच मिनिटं मिळतील का?"

मी घाबरून उभी राहिले. ते म्हणाले, "बसा, बसा मॅडम." मी बसले. मला वीस वर्षांचा अनुभव असल्यासारखं त्यांनी विजेच्या लोडचं सगळं गणित सांगितलं. मी मान हलवत राहिले. मला सांगता येईना की मी टाइप करते!

तेवढ्यात साहेब दारात आले. त्यांनी आतला प्रकार पाहिला, दारावर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "मॅडम, आत येऊ का?"

*

कॉम्प्युटरवर कामाचा आराखडा बसवायचा होता. कुठलं काम कशाच्या आधी, कुठलं नंतर. पण सुरेशने पुण्याहून एका मित्राकडून फ्लॉपी आणली आणि जेवणाच्या सुट्टीत एक गेम सुरू झाला. अंधाऱ्या गुहा. त्यात एक छोटा तलवारवाला वीर. शेवटच्या गुहेत सोन्याचा मुकुट आहे म्हणे, तो आणायचा. आमचा पडदा हिरवा, त्यामुळे वीर हिरवा, तलवार हिरवी आणि राक्षसही हिरवाच.

एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलंच नाही.

"हा कशाने मेला?" त्यांनी विचारलं.

सुरेश उडालाच. "खड्ड्यात पडला, सर."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी... खड्ड्यातच."

"खड्डा जागा बदलतो का?"

"नाही, सर."

"मग केंजळे, तुम्ही तरी बदला!"

आम्हाला वाटलं, आता फ्लॉपी जप्त. साहेबांनी सुरेशला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. पहिल्याच गुहेत गेले. दारात दिवा पडलेला होता, तो घेतला नाही. आत काळोख. वीर चाचपडला आणि मेला. साहेब बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग बाहेर गेले ते तडक बबनरावांकडे. दुसऱ्या दिवशी मशीनच्या पायाचं खोदकाम सुरू व्हायचं होतं.

"बबनराव, पंप कुठे आहे?"

"पानी लागल्यावर आनू की, सायेब. पिरंगुटला भाड्यानं मिळतुया."

"दिवा अंधारात शिरायच्या आधी घेतात," साहेब म्हणाले.

बबनरावांना काही कळलं नाही, पण पंप आला. कमरेइतकं खोदलं आणि खालून पाण्याचा झरा फुटला! पंप नसता तर सगळा खड्डा ढासळला असता. बबनराव चिखलाचे पाय घेऊन खोलीच्या दारापर्यंत आले. "त्यो कोन मानूस हाय, सायबाला हुशारी सांगनारा? मला दावा." मी दाखवला. त्यांनी वाकून बघितलं. हिरवा वीर जागच्या जागी पाय हलवत उभा होता.

"हिरवोजी!" बबनराव म्हणाले. "घरचाच वाटतुया की."

झालं. त्या दिवसापासून तो हिरवोजी.

*

विजेचं तेव्हा काही खरं नव्हतं. एकदा मी सकाळपासून बसून सगळा आराखडा टाइप केला, आणि शेवटचं काम भरतेय तोच वीज गेली. आली तेव्हा पडदा स्वच्छ! मी तिथेच रडायला लागले. सुरेश माझी समजूत काढायला गेला आणि म्हणाला, "अगं, दर गुहेआधी मी सेव्ह करतो, म्हणून माझा हिरवोजी जिथल्या तिथे परत उठतो. तू सेव्ह का नाही केलंस?" अशी समजूत काढतात का कुणाची!

साहेबांनी मात्र ते ऐकलं. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, "उद्यापासून रोज चार वाजता सेव्ह. हयगय नको. ही जबाबदारी सगळ्यांची."

दुसऱ्या दिवशी चार वाजता बबनरावांचा माणूस सायकलवरून आला. त्याच्या हातात पौडच्या हलवायाकडची पुडी. ती त्याने टेबलावर ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर रोज चारला पुडी! साहेबही चहाबरोबर खायचे. शेवटी त्यांनी विचारलं, "बबनराव, हे कशाबद्दल?"

बबनराव गोंधळले. "तुमीच म्हनला न्हवं, सायेब? रोज चारला शेव!"

साहेबांनी हातातली शेव तोंडात टाकली, नीट चावली. "बरोबर," म्हणाले. "दोन्ही चालू ठेवा."

*

हिरवोजीच्या हातात एका वेळी चारच वस्तू मावत. पाचवी उचलायची तर एक खाली ठेवावी लागे. हे साहेबांना फार पटलं. एका मीटिंगला त्यांनी सुरेशला विचारलं, "केंजळे, सध्या तुमच्या हातात काय काय आहे?" सुरेश उत्साहाने सांगत सुटला. स्टील, पत्रे, पाण्याची टाकी, कंपाउंड, झेंड्याचा खांब, आणखी काही काही. पोरगा अभिमानाने फुललेला.

"चार ठेवा. बाकीची आत्ता खाली ठेवा," साहेब म्हणाले.

सुरेशने खाली ठेवली. कामं खरोखर पळायला लागली. फक्त खाली ठेवलेल्यातलं एक काम कुणी उचललंच नाही. संडास!

पुरुषांचं चालून जात होतं. अडचण माझी एकटीची. मी रोज बांधावरून चालत बबनरावांच्या घरी जायची. त्यांच्या घरच्या वहिनी जीवाला जीव देणाऱ्या, पण रोज चहा प्यायल्याशिवाय सोडायच्या नाहीत, आणि चहा प्यायला की पुन्हा तीच पंचाईत! मी सुरेशला दोनदा सांगितलं होतं. तो म्हणाला, "यादीत आहे."

मग एक दिवस मालक आले, बरोबर मालकीणबाई. सगळी साइट फिरून झाल्यावर बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं. मी त्यांना घेऊन निघाले. रेशमी साडी, उंच टाचांच्या चपला, खाचराचा बांध, आणि पलीकडून आमच्याकडे टक लावून बघणारे बैल. वहिनींनी त्यांनाही चहा पाजलाच. परत आल्यावर मालकीणबाई नवऱ्याशी काही बोलल्या नाहीत. गाडीत बसेपर्यंत नाही आणि बसल्यावरही नाही. मालकांचा चेहरा काचेतून आम्हाला दिसत होता.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आम्ही वाट बघतोय, आता सुरेशचं काही खरं नाही. साहेब आराखडा वरपासून खालपर्यंत बघत राहिले. "झेंड्याचा खांब आहे," ते म्हणाले. "संडास नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "चूक माझी आहे. हिरवोजीला कधी लागतच नाही. मी त्याच्यावर विसंबून राहिलो."

दोन दिवसांत संडास उभा राहिला. साहेबांनी बबनरावांना सांगितलं, दारावर पेंटरकडून बायकांसाठी म्हणून लिहून घ्या. साइटवर बाई एकच. पेंटरने विचार केला आणि मोठ्या लाल अक्षरात लिहिलं: 'रझियाताई'.

पुढच्या वेळी मालक आले तेव्हा त्या पाटीसमोर थांबले. "या कोण?" त्यांनी साहेबांना विचारलं. "यांनी देणगी दिलीय का?"

*

गयाबाईंचं शेत आमच्या रस्त्याला लागून. रस्ता रीतसर, मोजणी झालेला, तरी एका सकाळी बाई रस्त्याच्या मधोमध काठी टेकून उभ्या राहिल्या आणि स्टीलचा ट्रक अडवला. वय झालेलं, कपाळावर आडवं कुंकू, नाकात नथ, आवाज खणखणीत. "गाडी फुडं न्ह्याची न्हाई!"

सुरेश तावातावाने परत आला. "सर, पौडला तहसीलमध्ये जाऊ. नाहीतर पोलीस आणू. रस्ता आपला आहे!"

आता गेममध्ये काय होतं, तिसऱ्या गुहेच्या तोंडाशी एक राक्षस बसलेला. हिरवोजीने तलवार काढली की राक्षस त्याला एका फटक्यात संपवायचा. किती वेळा संपवला त्याला हिशोब नाही. एक दिवस साहेबांनी चुकून बोलायचं बटण दाबलं. राक्षस म्हणाला, मला भूक लागलीय! हिरवोजीने भाकरी दिली आणि राक्षस बाजूला झाला. इतके दिवस आमच्यापैकी कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

साहेब सुरेशला म्हणाले, "तिला काय हवंय, ते विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं, सर? पैसे हवे असणार."

"जा. विचारून या. आणि काठीच्या पलीकडून नाही, जवळ बसून."

सुरेशला एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मी बरोबर गेले. आम्ही बांधावर बसलो. सुरेशने विचारलं, "मावशी, तुम्हाला काय हवंय?"

गयाबाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "माजी म्हस."

"म्हस कुणी नेली?"

"कुनी कशाला नेतंय? हितंच हाय. पन तुमच्या गाड्या भॉं करत्यात आन ती पान्हा चोरतीया. चार दिस झालं, दूद न्हाई."

एवढंच होतं! ड्रायव्हरांना ताकीद मिळाली, गयाबाईंच्या कुंपणापासून पुढे हॉर्न बंद. म्हैस पान्हावली. बाई इतक्या खूश झाल्या की त्यानंतर स्वतःच रस्त्यावर उभं राहून आमच्या गाड्यांना हाताने वाट दाखवायच्या.

पण सुरेशच्या तोंडात कुठे काही राहतं? गावात पोचलं, की साइटवरच्या पेटीत गयाबाई राक्षस म्हणून बसलीय. एक दिवस बाई दारात हजर. 

"पोरी, ह्या पेटीत मी हाय म्हनं. दाव."

नाही म्हणायची सोय नव्हती. मी तिसऱ्या गुहेपर्यंत गेले आणि दाखवला. दात, शिंगं, हातात गदा. गयाबाई डोळे बारीक करून खूप वेळ बघत राहिल्या. 

"हॅट!" त्या म्हणाल्या. "म्या न्हाई ही. नथ कुटाय हिच्या नाकात?"

*

मी नोकरी करते हे आमच्याकडे सगळ्यांना पसंत नव्हतं. फुफी, म्हणजे माझी आत्या, तर रोज अब्बांच्या मागे लागायची, "पोरगी कुठल्या माळावर जाते, कुणाबरोबर बसते, जाऊन बघितलंस का कधी?" अब्बा शांत स्वभावाचे. पण रोज रोज ऐकून एक दिवस दुकान बंद करून निघाले. मला न सांगता, एसटीने घोटावडे फाट्यावर उतरून, तिथून पायी.

नेमकी जेवणाची सुट्टी. मी खुर्चीत, माझ्या मागे साहेब, सुरेश, बबनराव आणि एक गवंडी. समोर फाटे फुटलेली गुहा. चौघं एका सुरात ओरडतायत, "उजवीकडं, रझियाताई, उजवीकडं!" मला वाटत होतं डावीकडे. मी डावीकडे गेले. हिरवोजी सुखरूप पार! मागे एकच आरडाओरडा. मी हसत वळून बघते तर दारात अब्बा, हातात पिशवी.

 साहेबांनी खुर्ची दिली, पण अब्बा बसले नाहीत. "इकडून चाललो होतो," एवढंच म्हणाले. माळावर इकडून कुणी कुठे चाललेलं नसतं! पाणी प्यायले आणि परत फिरले. उरलेला दिवस माझा कसा गेला ते माझं मला ठाऊक. नोकरी गेली, असं मी धरून चालले.

घरी पोचले तर फुफी समोरच बसलेली. अब्बा बांगड्यांचे डबे पुसत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ते उंच, तेच तुजे सायेब?"

"व्हय, अब्बा."

"ते तुला उजवीकडं जा म्हनत व्हते न्हवं?"

"व्हय."

"आन तू डावीकडं गेलीस."

मी मान हलवली.

"मग ते रागावले?"

"न्हाई. टाळ्या वाजवल्या."

अब्बांनी डबा फडताळात ठेवला आणि फुफीला म्हणाले, "ऐकलंस? जाऊ दे तिला. अशी जागा तुज्या सासरी पन न्हवती."

*

मे सरत आला आणि प्रेस मशीन आलं. मोठा ट्रेलर, त्यावर मशीनचा लोखंडी बेड, म्हणजे खालची बैठक, मोटरची पेटी आणि वरच्या सांगाड्याची पेटी. शेडवर पत्रा चढलेला, पाया तयार. पण मध्ये नदी, आणि नदीवर तेव्हा ठेंगणा फरशीचा पूल. ताम्हिणीच्या अंगाला आभाळ काळं पडलेलं. तिकडे वळवाचा पाऊस झोडपत होता. नदीला पाणी वाढायला लागलं होतं.

ड्रायव्हर खाली उतरला. पूल बघितला. म्हणाला, एवढं वजन एकदम नेणार नाही.

मालकांचा निरोप आला होता, सगळं मशीन एकदम आत जाऊ दे, पूजा ठरलीय, फोटोग्राफर येतोय. सुरेश म्हणाला, "सर, दहा मिनिटांचं काम आहे. काढू धीर करून."

साहेब पाण्याकडे बघत उभे होते. गेममध्ये दोरीचा पूल होता. हिरवोजी सगळ्या वस्तू घेऊन त्यावर चढला की पूल तुटायचा. आमच्यापैकी प्रत्येकाने त्याला तिथे बुडवलेला. पण त्या दिवशी साहेबांनी हिरवोजीचं नाव काढलं नाही.  आयुष्यभराची नोकरी त्या ट्रेलरवर चढलेली होती.

"पेट्या उतरवा," ते म्हणाले. "बेड एकटा जाईल."

"सर, पाणी वाढलं तर पेट्या इकडेच अडकतील. मालक काय म्हणतील?"

"बेड बुडाला तर काय म्हणतील?"

बबनरावांच्या एका पाहुण्याचा गोठा या काठाला होता. तिपायी आणि चेन-पुली लावून पेट्या उतरवल्या, गोठ्यात नेल्या. मग ट्रेलर निघाला. साहेब ट्रेलरच्या पुढे, स्वतः चालत, मागे न बघता. पाणी फरशीवर चढून त्यांच्या घोट्याला लागत होतं.  मागची चाकं पलीकडच्या मुरमावर लागली तेव्हा बबनरावांनी खाली बसून नदीला हात जोडले. थोड्याच वेळात पूल दिसेनासा झाला.

मालक रागावले. "अर्धं मशीन घेऊन काय करायचं?" साहेब म्हणाले, "बेड लेव्हलला आणायचा, खाली सिमेंटचं पातळ मिश्रण ओतून ग्राउटिंग करायचं, ते सुकू द्यायचं. तेवढे दिवस तसेही लागणारच होते." आणि तसंच झालं. ग्राउटिंग सुकलं, तोवर नदीही उतरली. साहेबांची नोकरी राहिली.

आम्ही पेट्या आणायला गेलो. एवढा पाऊस होऊन पेटीला ओल नव्हती. गोठ्यात मोटर कोरडी ठणठणीत आणि गोठ्याबाहेर दोन बैल, शेपटीपर्यंत भिजलेले.

साहेबांनी विचारलं, "बैल बाहेर का?"

पाहुणे म्हणाले, "बबननं सांगितलं, लई मोलाची हाय. बैलांची सवय हाय, सायेब. ही नवी नवरी, हिला कसं भायेर बांदायचं?"

*

कारखाना वेळेत सुरू झाला, याची पुण्यात चर्चा झाली. मॅनेजर लोकांचा एक मेळावा भरणार होता, तिथे दीक्षित साहेबांना भाषणाला बोलावलं. साहेबांनी आम्हाला तिघांनाही नेलं. मोठा हॉल, पंखे, कोट-टाय घातलेली माणसं. आम्ही मागच्या रांगेत. बबनराव कडक इस्त्रीचं धोतर नेसून, पांढरी टोपी घालून आलेले.

साहेबांना भाषणाची सवय नव्हती. ते उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "मी जे काही शिकलो ते हिरवोजीकडून शिकलो."

सुरेशने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. हॉलमध्ये लोक वह्या उघडून लिहायला लागले.

साहेब बोलत गेले. सरळ, एका सुरात, एकदाही न हसता. "हिरवोजी फार बोलायचा नाही. हाताला झेपेल तेवढंच उचलायचा. पुढचं उचलायचं तर आधीचं खाली ठेवायचा. समोर कितीही बलदंड आला तरी आधी त्याला काय हवंय ते विचारायचा. हे तो जन्मतः शिकून आला नव्हता. त्याने चुका केल्या, आणि प्रत्येक चुकीची किंमत स्वतः मोजली. दुसऱ्यावर कधी ढकलली नाही. आम्ही त्याला सांगायचो तसा तो जायचा. चूक आमची असायची, भोगायचा तो."

 पुढच्या रांगेतले एक वयस्कर कारखानदार चष्मा काढून पुसायला लागले.

अध्यक्षांनी हळू आवाजात विचारलं, "हे हिरवोजी मुळशीकडचेच का?"

"घोटावड्याला असायचा आमच्याकडे."

"आता कुठे असतात?"

साहेब थांबले. "तो गेला," म्हणाले. "शेवटच्या गुहेपर्यंत पोचला होता. माझ्या डोळ्यांदेखत खड्ड्यात पडला."

कुणीतरी "अरेरे" म्हणालं. अध्यक्षांनी विचारलं, "घरी कोण आहे त्यांच्या?"

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले. "मी त्याला कधी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं."

अध्यक्ष उठले.  म्हणाले, "मित्रहो, अशा माणसांच्या खांद्यांवर आपले कारखाने उभे आहेत. कै. हिरवोजीरावांना श्रद्धांजली म्हणून आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

खुर्च्या सरकल्या. अख्खा हॉल उभा राहिला. व्यासपीठावर साहेब उभे होते, हात समोर जोडलेले, मान खाली. सुरेश वाकून बुटाची नाडी शोधत होता. त्याच्या बुटाला नाडीच नव्हती. मी ओढणी तोंडात कोंबून कशीबशी उभी. आणि माझ्या शेजारी बबनरावांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरलेली, डोळ्यांतून खरंखुरं पाणी गालावर ओघळत होतं.

"रझियाताई," ते कुजबुजले, "लई गुनाचं पोरगं व्हतं गं!"